समाधान म्हणजे नीट ठेवणे

चैत्राच्या प्रारंभी एका वाचक भगिनीचे पत्र आमच्या हाती आले. अकरा माणसांच्या घरात त्या थोरल्या सूनबाई आहेत. पत्रात तक्रारीचा सूर नाही. अक्षर वळणदार, मायना रीतीप्रमाणे, आणि मजकूर अवघ्या तीन ओळींचा. त्या लिहितात, 'मनःशांतीविषयी आपण या सदरातून पुष्कळदा लिहिले आहे. ती मिळण्यासाठी पहाटे अर्धा तास स्वस्थ बसावे, असे आपण सांगितले होते. तो अर्धा तास कोणाकडे मागावा, हेही एकदा लिहावे.'

पत्र वाचून आम्ही चष्मा काढून ठेवला. शाळेत असताना पुष्कळ मुलांनी पुष्कळ प्रश्न विचारले. पण ज्या प्रश्नाने शिक्षकच ओशाळावा, असे प्रश्न बोटांवर मोजण्याइतकेच. हे पत्र दीड वर्षापूर्वी आले असते, तर आम्ही शास्त्राधार देऊन उत्तर धाडले असते व तृप्त मनाने झोपी गेलो असतो. परंतु मध्यंतरी आमच्या घरी जे घडले, त्याने तसे उत्तर देण्याचा आमचा अधिकार राहिलेला नाही. म्हणून या वेळी उपदेश बाजूस ठेवून, जे घडले ते जसेच्या तसे सांगतो. त्यात आमची शोभा नाही, हे आधीच कबूल करून टाकलेले बरे.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. संस्कृताचा पाया वडिलांनी घरीच घालून दिला, आणि त्याच भांडवलावर छत्तीस वर्षे मराठी व संस्कृत शिकवून आम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. घर भडगावास, गिरणेपासून फारसे दूर नाही. खाली ओसरी, माजघर, स्वयंपाकघर. वर एक माडी, आणि माडीपुढे मोकळे धाबे. नोकरीत असताना आमचे एकच स्वप्न होते. निवृत्त व्हावे, त्या माडीवर बैठक घालावी, गीता, उपनिषदे व ज्ञानेश्वरी ही क्रमाने, घाई न करता वाचावी, आणि आयुष्यभर धावलेल्या मनास एकदाचे बसावयास सांगावे. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे शेताच्या वाटण्या व मुलीचे लग्न यांत निघून गेली. मग आम्ही माडीकडे वळलो, तो माडी रिकामी नव्हती.

आमच्या सूनबाई तेथे गल्लीतील दहाबारा मुलांची शिकवणी घेत असत. सायंकाळी दोन तास तेथे गणित चाले, कविता चालत, भांडणेही चालत. त्यातून त्यांना चार पैसे मिळत, आणि ते पैसे त्यांच्या हातचे असत. एके दिवशी जेवताना आम्ही सहज बोलल्यासारखे दाखवून म्हणालो, की आता वरची खोली आम्हांस लागेल. सूनबाई वाढता वाढता थांबल्या आणि 'बरं, नाना' एवढेच म्हणाल्या. आठ दिवसांत फळा खाली आला, सतरंज्या खाली आल्या. त्यांनी पलीकडच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. शिकवणीतून जे मिळे, त्यातला बराचसा भाग आता भाड्यात जाऊ लागला. एका शिक्षकाने आपल्याच घरातला वर्ग उठविला, हा विचार तेव्हा आमच्या मनास शिवलासुद्धा नाही.

बैठक पडली. चौरंग आला, त्यावर पोथ्या आल्या. पण आश्चर्य असे, की वर्ग गेल्यानंतर घरातला गलबला कमी न होता आम्हांस अधिकच जाणवू लागला. मिक्सरची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, भाजीवालीशी चाललेली घासाघीस, कोणाचा तरी खणखणणारा मोबाइल! आम्ही जिन्याच्या तोंडाशी येऊन 'हळू!' म्हणून ओरडत असू. शांततेसाठी घरात सर्वांत मोठा आवाज आम्हीच काढीत होतो. आमचा नातू चौथीत आहे. दिवेलागणीस देवापुढे बसून पाढे व परवचा मोठ्याने म्हणण्याची सवय त्याला आम्हीच लावलेली. एका संध्याकाळी त्यालाही आम्ही वरून दटावले.

मग आला कुरडयांचा हंगाम. खानदेशात आखाजीच्या आधी घरोघर वाळवणाची धांदल असते, हे येथील वाचकांस सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग ते वाटून, गाळून त्यांचा चीक काढावयाचा, तो रात्रभर निवळत ठेवावयाचा, आणि पहाटे वरचे पाणी काढून मीठ-हिंग घालून तो मोठ्या पातेल्यात शिजवावयाचा. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून कुरडया घालाव्या लागतात; म्हणून एकटीदुकटीचे हे काम नव्हे. शेजारच्या चार बायका येतात, मुले वाटीभर चीक साखर घालून खाण्यासाठी अंथरुणातून उठून बसतात, आणि सूर्य वर येईतो सारे धाबे पांढऱ्या चक्रांनी भरून जाते. आमच्या घरी हे धाबे म्हणजे माडीचे अंगण. आम्ही सांगितले, की यंदा हा गोंधळ येथे नको. दुकानात सर्व काही मिळते. मंडळींनी आमच्याकडे क्षणभर पाहिले आणि भिजत घालावयास काढलेले गहू पुन्हा कोठीत ओतले.

अशी आम्हांस शांतता मिळाली. तिचे पुढे काय झाले, तेही ऐकावे. समोर स्थितप्रज्ञाची लक्षणे उघडी, आणि मन मात्र एका जुन्या शाळेच्या कचेरीत! तेथे मुख्याध्यापकाचे पद आमच्या हातून कसे निसटले, त्या वेळी कोण काय बोलले, आपण काय उत्तर द्यावयास हवे होते, याचा हिशेब रोज सकाळी नव्याने सुरू होई. तो संपला की शेताच्या बांधाचा हिशेब. तोही संपला, तर घरातल्या कोणी आपणांस चहा उशिरा दिला, याचा. पूर्वी कामाच्या रगाड्यात या हिशेबवह्या उघडावयास सवड नसे. आता आम्ही त्यांस एक स्वतंत्र खोली व चार तास दिले होते. दोष वह्यांचा नव्हता.

आखाजीला आमची कन्या माहेरी आली. घागर भरून झाली, सांजोऱ्यांचे जेवण झाले. दुपारी ती माजघरात बसली होती, आणि आम्ही जिन्यावरून उतरत असताना तिने आईस हलक्या आवाजात विचारलेला प्रश्न आमच्या कानी पडला. 'आई, घरात कोणी आजारी आहे का?'

आईने काय उत्तर दिले, ते ऐकू आले नाही. त्या रात्री आम्ही नातवास जवळ बोलावून विचारले, की हल्ली तुझे पाढे कानी पडत नाहीत, विसरलास काय? तो म्हणाला, 'नाही आजोबा, मी मनात म्हणतो. तुम्हाला आवाज होतो ना!' तो रागाने बोलला नाही, समजूतदारपणे बोलला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने आपल्या आजोबांशी इतके समजूतदार व्हावे लागणे, ही गोष्ट आम्हांस त्या रात्री फार वेळ टोचत राहिली. पण टोचणी लागली म्हणजे मनुष्य सुधारतोच असे नाही. सकाळी आम्ही पुन्हा माडीवर गेलो.

ज्येष्ठात मंडळी मोरीपाशी घसरल्या आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. चिरंजीव पाचोऱ्यास नोकरीला. सकाळी जातात ते रात्री येतात. सूनबाई सकाळचा स्वयंपाक करून जात. पण दुपारनंतर त्यांचे दोन वर्ग असत, आणि ते वर्ग, वाचकांस स्मरत असेलच, आता घरात नव्हते. ते माडीवर असते, तर त्या मध्येच खाली येऊन कुकर लावून गेल्या असत्या. तेव्हा संध्याकाळचे पाणी, दिवाबत्ती, भाजी-भात आणि भांडी ही कामे ओघानेच आमच्याकडे आली. कोणी ती आमच्यावर लादली नाहीत. घरात दुसरे कोणी नव्हते, इतकेच.

ज्या घरात जन्म गेला, त्या घराच्या स्वयंपाकघरात आम्ही परक्या गावच्या पाहुण्यासारखे उभे होतो. मोहरी कोठे असते, हे ठाऊक नव्हते. मंडळी माजघरात खाटेवर बसून सांगत, 'तिसऱ्या फळीवर, डावीकडून दुसरा डबा.' जिरे? 'त्याच्या मागे.' हिंग? 'कोनाड्यात, काडेपेटीच्या मागे. ओला हात लावू नका.' त्या मान वळवूनही पाहत नव्हत्या. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी एकेक वस्तू तिच्या जागी ठेवलेली होती, म्हणून ती अंधारातही सापडत होती. पहिल्या दिवशी आम्ही भात करपवला, दुसऱ्या दिवशी वरणात मीठ विसरलो. पाचव्या-सहाव्या दिवशी डबे मागितल्याशिवाय हाती येऊ लागले.

सुमारे तीन आठवड्यांनंतरची गोष्ट. रात्रीची जेवणे झाली होती. आम्ही भांडी घाशीत होतो, नातू ती विसळून पालथी घालीत होता, आणि काम कंटाळवाणे होऊ नये म्हणून एकोणतिसाचा पाढा मोठ्याने म्हणत होता. तो एके ठिकाणी चुकला, आम्ही दुरुस्त केले. खाटेवरून मंडळी हसल्या. त्या क्षणी आमच्या ध्यानात आले, की जुन्या शाळेची ती कचेरी आम्हांस कित्येक दिवसांत दिसलेली नाही. तो हिशेब आम्ही मुद्दाम मिटविला नव्हता; तो उघडावयाचेच राहून गेले होते. मन शांत झाले आहे काय, हे पाहावयाससुद्धा आम्ही विसरलो होतो. आणि कदाचित म्हणूनच ते शांत झाले होते.

आता आमच्या विद्येची थोडी लाज सांगतो. 'समाधान' हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर फोडून दाखविला आहे. सम् आणि आ हे दोन उपसर्ग, 'धा' हा धातू, आणि 'अन' हा प्रत्यय. 'धा' म्हणजे ठेवणे, धारण करणे. समाधान म्हणजे नीट ठेवणे, एकत्र जुळवून ठेवणे. 'समाधि' हा शब्दही त्याच उपसर्ग-धातूंचा. दोन्ही सख्खी भावंडे. वेदान्तात साधकाच्या ज्या सहा संपत्ती सांगितल्या आहेत, त्यांत शमाबरोबर समाधानही आहे. तेथे त्याचा अर्थ चित्त एका ठिकाणी नीट ठेवणे असा होतो. मराठीने या शब्दास तृप्तीचा अर्थ दिला, आणि मूळचा 'ठेवण्या'चा अर्थ आपण विसरून गेलो. म्हणून आपण म्हणतो, 'मला समाधान मिळत नाही,' जणू ते रस्त्यात पडलेले नाणे आहे! जे ठेवावयाचे असते, ते मिळणार कोठून? मोहरीचा डबा तिसऱ्या फळीवर कोणी तरी रोज परत ठेवते, म्हणून तो दुसऱ्या दिवशी तेथे असतो. पतंजलींच्या योगसूत्रांत संतोषास पाच नियमांत दुसरे स्थान आहे. नियम म्हणजे रोज पाळावयाची गोष्ट, लाभावयाची नव्हे, हेही आम्ही मुलांस सांगत आलो होतो. छत्तीस वर्षे शिकविलेला शब्द आम्हांस भांड्यांच्या राखुंडीत सापडला.

आमच्या खानदेशात हे ज्यांनी आमच्याहून फार आधी ओळखले, त्यांचे स्मरण येथे होणे साहजिक आहे. भडगावाहून अमळनेर काही फार लांब नाही. तेथे श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. त्या मंदिरात काही काळ अभ्यास करून साने गुरुजी १९२४ साली तेथील शाळेत शिक्षक झाले, आणि पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. मुले बाहेर गेली, की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, पसरलेले सामान आवरीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत, कपडेही धुऊन टाकीत. आणि याबद्दल मुलांस एक शब्द बोलत नसत. पुढे मुलेच लाजून आपली कामे करू लागली. ही हकीकत आम्ही दर वर्षी वर्गात सांगत असू. तत्त्वज्ञानाच्या मंदिरातून निघालेला हा मनुष्य कंदिलाच्या काचेपाशी येऊन थांबला, यात काही अर्थ असेल, असे मात्र आमच्या मनात कधी आले नव्हते.

१९३० साली नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात गेले, आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच तुरुंगात विनोबा होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर विनोबांनी अठरा प्रवचने दिली, आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. 'गीता प्रवचने' म्हणून आज घरोघर असलेला ग्रंथ तो हाच. तुरुंगात आपली बैठक कोठे असावी, शेजारी कोण असावे, आवाज किती व्हावा, यांपैकी काहीच बंदिवानाच्या हाती नसते. अशा ठिकाणी विनोबांनी समजावून दिले, की बाहेरून हात काम करीत आहेत आणि आतून मनही त्याच कामाशी जोडलेले आहे, असे झाले म्हणजे कामाचा भार उरत नाही. हा ग्रंथ आमच्या चौरंगावर होता. त्यासाठी घर गप्प करून आम्ही तो वाचीत होतो!

येथे एक गोष्ट लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांनी ती प्रवचने टिपली, त्या गुरुजींचे मन अखेरपर्यंत निवले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. जगाचे दुःख त्यांना जसे पोळत होते, तसे आपणांपैकी फारच थोड्यांना पोळत असेल. तेव्हा अशांत मन म्हणजे अपराधी मन, असा निवाडा कोणी करू नये. आपल्या घरात एखादे माणूस सतत उदास दिसत असेल, तर त्यास 'समाधानी राहा' असे सांगून मोकळे होऊ नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे काम हलके करावे, वैद्यकीय मदत लागेल तेथे ती घ्यावी. जखमेवर उपदेश बांधीत नसतात.

दुसरे स्मरण बहिणाबाईंचे. जळगावजवळच्या असोद्यास १८८० साली त्यांचा जन्म; तेराव्या वर्षी लग्न, आणि तिशीच्या सुमारास वैधव्य. अक्षरओळख नाही. जाते, चूल, शेत, मोट यांच्या संगतीत त्यांनी ओव्या रचल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरी स्वतः कवी. त्यांनी व घरातील मंडळींनी त्यांतील काही लिहून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या, आणि त्यानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. बहिणाबाईंचे नाव घेऊन आपल्या घरांत एक मोठा अन्याय होण्याचा संभव आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. 'पाहा, त्या जात्यावर गात होत्या, मग तुम्हाला काय होते?' असे आपल्या सुनांस विचारण्याकरिता ती गाणी नाहीत. जात्याने गाणे दिले नाही. गाणे त्या बाईजवळचे होते, आणि कष्ट व दुःख त्यांनी त्या गाण्यात नीट लावून ठेवले. शिवाय, घरातल्या कोणी तरी कान देऊन ते ऐकले व कागदावर उतरविले, म्हणून ते आपणांस लाभले. आपापल्या स्वयंपाकघरात आज काय म्हटले जात आहे, ते ऐकावयास आपण बसतो काय? आम्ही तर 'हळू' म्हणून ओरडत होतो.

प्लास्टर निघाले तेव्हा आषाढ संपत आला होता. आम्ही सूनबाईंस म्हणालो, की वर्ग पुन्हा माडीवर आणावा. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. 'नाना, त्या खोलीचं दिवाळीपर्यंतचं भाडं दिलंय,' त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून, 'आणि पुन्हा उठायला लागलं, तर मुलांना बरं वाटणार नाही.' त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. ज्याने एकदा जागा काढून घेतली, त्याच्या शब्दावर दुसऱ्यांदा सतरंजी कोण पसरील? आम्ही चौरंग व पोथ्या स्वतः खाली आणल्या, आणि माडी तशीच रिकामी ठेवली. ती दिवाळीपर्यंत रिकामी होती. भाऊबीज झाल्यावर एके दिवशी सूनबाई आपण होऊन फळा वर घेऊन गेल्या. आमच्याजवळ एक जुनी पेटी भरून खडू होते, ते आम्ही मागाहून वर पोचविले.

आता आमची बैठक ओसरीवर असते. गीता आम्ही वाचतो; पूर्वीपेक्षा थोडी वाचतो. वरून मुलांचा गलका येतो, रस्त्यावरून गाड्या जातात, मधूनच नातू येऊन वहीत डोकावतो. संध्याकाळची भांडी अजूनही आमच्याकडेच आहेत. मंडळींचा हात बरा झाल्यावर त्यांनी ती परत मागितली, आम्ही दिली नाहीत. जुना हिशेब पुरता बुडाला, असेही नाही. कधी कधी वही उघडते. अशा वेळी लहानपणची गिरणा आठवते. वर धरण होण्यापूर्वीच्या त्या दिवसांत चैत्र-वैशाखात पात्र कोरडे पडले, की बायका वाळूत झिरे खणीत. खणताच पाणी लागे, पण ते गढूळ. ते वाटीने उपसून टाकावयाचे, पुन्हा उपसावयाचे, आणि मग हात आवरून थोडे थांबावयाचे. की हळूहळू वाळूतून निवळ पाणी भरून येई. गढूळ पाण्यावर कोणी रागावत नसे. दुसऱ्या दिवशी झिरा बुजलेला असे, तो पुन्हा खणावयाचा. १९६९ साली गिरणा धरण पुरे झाले, आणि आता कालव्याची व नदीची आवर्तने ठरलेली असतात. पण मनाच्या बाबतीत अजून झिऱ्याचीच रीत चालू आहे.

तर भगिनी, आपल्या प्रश्नाकडे येतो. तो अर्धा तास कोणाकडे मागावा? आमचे उत्तर असे, की तो आपणांस मागावा लागू नये. ज्या घरात अकरा माणसे जेवतात, त्या घरात आमच्यासारखे निदान एक-दोन निवृत्त, धडधाकट व पोथ्या वाचणारे गृहस्थ असतीलच. हा मजकूर त्यांच्यासाठी लिहिला आहे; आपण तो अंक ओसरीवर उघडा ठेवावा. आणि त्या गृहस्थांस आमची एक समव्यवसायी म्हणून विनंती आहे. संतोषाचा उपदेश करावयाचा तो स्वतःस. घरातल्या माणसांस द्यावयाची ती सवड. उद्यापासून घरातले एक काम, लहान का होईना, कायमचे आपल्या अंगावर घ्यावे. ते कोणी वाखाणील, अशी अपेक्षा ठेवू नये; पहिले पंधरा दिवस तर ते काम आपणांकडून बिघडेलच. आणि 'शांत राहा' असे घरास सांगण्यापूर्वी, आपल्या शांततेचे भाडे पलीकडच्या गल्लीत कोण भरीत आहे, एवढे पाहून यावे.

मागे आम्ही पहाटेच्या अर्ध्या तासाविषयी जे लिहिले, ते चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही; अपुरे होते. तो अर्धा तास आकाशातून पडत नाही. तो घरातल्या कोणा तरी दुसऱ्याच्या हातून येतो, आणि पुष्कळदा त्या दुसऱ्याचे नावही आपण घेत नाही.

यंदा आखाजीच्या आधी मंडळींनी गहू भिजत घातले. चौथ्या रात्री निवळत ठेवलेला चीक पहाटे शिजवावयास घेतला, तेव्हा आम्हांस कोणी उठविले नाही; आम्ही आवाजानेच उठलो. धाब्यावर शेजारच्या चार बायका होत्या, नातू वाटी घेऊन बसला होता. सोऱ्या फिरविण्याचे काम जरा जोराचे असते; ते आम्ही मागून घेतले. पहिल्या दोन कुरडया फिसकटल्या. 'राहू द्या, त्याही वाळतील,' असे मंडळी म्हणाल्या, आणि त्या आम्ही धाब्याच्या कडेला, वेगळ्या, नीट ठेवल्या.